लाटेची मागची बाजू

म्हाताऱ्याने काचेच्या पेटीवर तळहात टेकवला तो उचललाच नाही.

"ही लाट मी रंगवली आहे," तो म्हणाला.

तोमोए लगबगीने पुढे आली. कानाझावा शहरातलं तिचं हे पहिलंच प्रदर्शन. किनाऱ्यावरच्या गावांत भूकंपाने पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांतून तिने लाख चढवलेल्या लाकडी भांड्यांचे तुकडे वेचले होते आणि नऊ महिने खपून ते मोडीच्या चांदीत बसवले होते. काळ्या लाखेवर सोनेरी लाट असलेला हा ब्रोच सगळ्यांत आधी विकला गेला होता.

"लाटा तर तिकडचे सगळेच कारागीर काढतात ना, आजोबा?"

"काढतात. पण शेंडा असा डावीकडे मोडत नाहीत. हामानो माझं नाव. चाळीस वर्षं हेच काम केलं. कुठून उचललास हा?"

"नगरपालिकेच्या ढिगातून. रीतसर परवानगी आहे, कागद दाखवते."

"कागद राहू दे, पोरी." आवाज चढला नव्हता, तरी दालनातली माणसं वळून बघू लागली. "मुलीच्या लग्नात वीस वाडगे केले होते. घर पडलं, त्यात ती गेली. ढिगारा उचलला तेव्हा मी इस्पितळात. परतलो तर जागा झाडून साफ. एक टवका ठेवला नव्हता."

दालनाच्या मालकीणबाई मुरोझुमी मध्ये आल्या, कमरेत वाकल्या.

"आजोबा, वाईट वाटतं हो. पण हा विकला गेलाय. चार वाजता न्यायला येणार आहेत."

"मला न्यायचा नाहीये. मागून बघायचाय. प्रत्येक वाडग्यात, लाटेच्या बरोबर पाठीमागे, मी एक पाणपाखरू काढलं होतं. जेवण संपलं की तिला दिसावं म्हणून."

मागे चांदीचा पत्रा होता, चार बारीक नख्या दुमडून बसवलेला. त्या तुकड्याची पुढची बाजू तोमोएला तोंडपाठ होती, चीर कुठे आणि सोनं कुठे उडालंय तेसुद्धा. मागे काय होतं? आठवेना.

"पत्रा काढलास तर वाट लागेल त्याची," मुरोझुमीबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या. "वेडेपणा करू नकोस."

तोमोएने पेटी उघडली आणि पक्कड घेतली. तीन नख्या उचलल्या, चौथी तुटली. म्हाताऱ्याने तळहात पुढे केला. पत्रा सुटताच तिने तुकडा उलटा करून त्याच्या तळहातावर ठेवला.

नुसता काळा.

त्याने तो खिडकीशी नेला, तिरका धरला, अंगठ्याने पुसला, परत तिरका धरला. मग आणून तिच्या हातात दिला.

"माझा नाही. माझ्यासारखीच लाट मोडणारं आणखी कुणीतरी होतं म्हणायचं. तुझं काम मात्र बिघडवलं मी. माफ कर."

तो जायला वळला, पण दारापर्यंत पोचला नाही. पुढच्या पेटीपाशी त्याचे पाय रेंगाळले. तिथे आणखी अकरा ब्रोच होते आणि त्यांतल्या तीन ब्रोचवर लाटा. हात पाठीमागे बांधून तो वाकून बघत राहिला. मागितलं काहीच नाही.

"पावणेचार झालेत, तोमोए," मुरोझुमीबाई म्हणाल्या.

तोमोएने कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्याच्याजवळ ठेवलं.

"बसा, आजोबा. वेळ लागेल."

आणि तिने लाटेचा दुसरा ब्रोच काढून त्याच्या पहिल्या नखीला पक्कड लावली.