पाहुणी आली की निवळणारं पाणी

या, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव घ्या आणि ऐका. आजची गोष्ट घाण पाण्याची आहे. नाक मुरडू नका. मनातली घाण कशी वाहते तेही तिच्यात दिसेल.

आमच्या बीर अल-हमामा गावाबाहेर सीदी बू नखलाचा दर्गा आहे. त्याच्या पायथ्याशी नगरपालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा नाला वाहतो, वर्षभर काळाकुट्ट. पण जानेवारीतल्या त्या सकाळी काठावर दीडशे माणसं दाटली होती. बायांच्या काखेत कळशा होत्या. आणि नाल्यातून काचेसारखं स्वच्छ, कोमट पाणी वाहत होतं. थंडीत त्यातून वाफा निघत होत्या.

"सीदीचा श्वास आहे हा," मुजावर हमादी हिरवं फडकं हलवत सांगत होता. "दारात पाहुणा आला तर घरधनी उंबरठा धुतो की नाही? आमचा सीदी नाला धुतो. परवाच स्वप्नात येऊन म्हणाला, हमादी, पाहुणी येतेय."

पाहुणी म्हणजे दलेंदाबाई, राजधानी ट्युनिसहून येणारी सरकारी तपासनीस. दर तीन महिन्यांनी येई. येण्याची नोटीस केंद्राचे प्रमुख तौहामीसाहेब यांच्या टेबलावर पडे, आणि नेमक्या त्याच रात्री मुजावराला स्वप्न पडे. याआधी तीनदा तिने बाटल्या भरल्या, पाणी नियमात बसलं, तिने सही केली.

आज गाडीतून उतरताच एका बाईने तिच्या खांद्याचं चुंबन घेतलं. मबरूका तिचं नाव.

"तुमचे पाय लागले की पाणी निवळतं, बाई. मागची कळशी मी जपून ठेवली. माझ्या लेकीला, शहलाला, रोज घोटघोट पाजते, खोकल्यासाठी."

"मग? बरं वाटलं?"

"खोकला गेला. पण आता डोळे पिवळे पडलेत, पोटात काही ठरत नाही. मुजावर म्हणतो, घोट कमी पडला. आज जास्त पाजीन."

हे पाणी कुणी पितं, हे दलेंदाला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी तिने बाटल्या भरायची घाई केली नाही. आजवर ती सारी मापं फक्त नाल्यावर घ्यायची. आज थर्मामीटर घेऊन आधी आत गेली. गावाची घाण जिथून आत शिरते तिथे सोळा अंश. पुढच्या मोठ्या टाक्यात हवेचे बुडबुडे उसळायला हवेत. तिथे साय धरलेली, पारा पंधरावर. बाहेर नाल्यावर तेहतीस.

"साहेब, घाण काढली की पाणी तापतं, हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"पाइप उन्हात असतो ना, बाई," तौहामीसाहेब म्हणाले. ऊन अजून खजुरीच्या शेंड्यांवरच होतं.

आकडा लिहून निघून जाता आलं असतं. पण कळशा भरल्याच असत्या. ती मुजावराकडे वळली.

"चाचा, पाहुण्याचा हक्क किती दिवसांचा?"

"तीन दिवसांचा. आमच्याकडे लहान पोरही सांगेल."

"मग मी राहते. तुमचा सीदी तीन दिवस उंबरठा धुवेल ना? तोवर कुणी थेंबही पिऊ नका."

तौहामीसाहेबांचा चेहरा उतरला. "एवढा त्रास कशाला? कुसकुस खा आणि निघा."

"संशय घेतला की बरकत जाते," मुजावर गरजला.

"संशय कुठे? मी नुसती बसलेय." आणि ती काठावर खुर्ची टाकून बसली.

दुपारच्या अजानीआधीच पाटकरी लमीन धापा टाकत आला. खजुरीच्या बागांना पाळीने पाणी सोडायचं काम त्याचं.

"सूर्य उगवल्यापासून सालेम घराण्याची पाळी आहे, आणि पाटात थेंब नाही. एका पाळीचं नुकसान भरायला मी कुणाच्या दारात जाऊ?" बोलता बोलता तो नाल्यात उतरला आणि थबकला. "हे तर आमच्या खोल विहिरीचं पाणी. वीस वर्षं याच उबेत पाय बुडवतोय मी."

बागांकडे जाणारा विहिरीचा पाइप दर्ग्याच्या मागून जातो; तो तडक तिकडे गेला. भिंतीपाशी जमिनीवर चादर पसरलेली होती. ती ओढली तर खाली लोखंडी झाकण, झाकणाखाली व्हॉल्व्हचं चाक. लमीनने ते घट्ट फिरवून बंद केलं.

लोक बघत होते. आधी वाफ विरली. धार रोडावली. तौहामीसाहेबांच्या इशाऱ्यावर एका कामगाराने मान खाली घालून आतली, घाण अडवून धरणारी फळी उचलली. सकाळपासून कोंडलेलं पाणी टाक्याच्या काठाला लागलं होतं, आता उतू जाणार होतं. नाला तपकिरी झाला, मग काळा. दुर्गंधीने बायांनी पदर नाकाला लावले.

"सीदी रागावला," मुजावर पुटपुटला.

"सीदीच्या चादरीखाली चाक कुणी लपवलं, हमादी?" मबरूकाने विचारलं.

तौहामीसाहेबांना सगळं कबूल करावं लागलं. टाक्यात हवा सोडणारी यंत्रं वर्षापूर्वीच जळाली होती, नवी आली नाहीत. म्हणून तपासणीच्या दिवशी घाण आत कोंडायची आणि विहिरीचं पाणी सोडायचं. मुजावराला गर्दी हवी होती, साहेबांना सही.

"विहिरीचं पाणी चांगलंच आहे," दलेंदा लोकांना म्हणाली. "पण ते आलं घाणीच्याच पाइपातून. डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू त्याने सोबत आणले. स्वच्छ दिसणं वेगळं, स्वच्छ असणं वेगळं."

मबरूका शांतपणे म्हणाली, "तू आलीस म्हणून मी पाजलं, बाई."

दलेंदाने शहलाला आपल्याच गाडीत निजवून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. अहवालाची पहिली ओळ तिने तिथल्याच बाकावर लिहिली: आधीचे तिन्ही अहवाल चुकीचे आहेत, आणि त्यांवरची सही माझी आहे.

बाबांनो, मी देव मानणारा माणूस आहे. प्रवचनात सूर लागला की माझे डोळे भरून येतात. म्हणूनच सांगतो, ज्याने डोळे दिले त्यानेच नाक दिलं, पायाला ऊब कळू दिली, जिभेला प्रश्न विचारायला शिकवलं. त्यांचा वापर केल्याने त्याचा अपमान होत नाही. चमत्कार दिसला तर थांबा. मागे जाऊन चादर उचलून बघा. खरा देव चादरीखाली काही ठेवत नाही.

शहला नऊ वर्षांची आहे. अजून खाटेवर आहे. यकृत सावरेल की नाही, डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. आज दुआला हात उचलाल तेव्हा तिला आठवा. आणि उद्या कुणी बरकतीची ओंजळ पुढे केली, तर ओठ लावण्याआधीही तिलाच आठवा.