मनकर्णेची सुपारी

"मनकर्णा, खाली बस."

"झालं ना बाई माजं!"

सरोजिनीबाईंनी पाटी पाहिली. सगळं बरोबर. बाकीच्या मुली अजून उदाहरण उतरवून घेत होत्या, आणि ही पोर शेजारणीची वेणी ओढून आता खिडकीवर चढण्याच्या बेतात होती.

जामखेड तालुक्यातल्या त्या गावात लोकल बोर्डाची मुलींची शाळा देवळामागच्या धर्मशाळेत भरे. एकच खोली, तीत बिगरीपासून तिसरीपर्यंतच्या मुली, आणि शिकवायला एकट्या सरोजिनीबाई. बाई मूळच्या संगमनेरच्या, पुण्याला ट्रेनिंग घेऊन आलेल्या. १९४३ सालच्या दिवाळीनंतर त्या इथं रुजू झाल्या, आणि आसाराम कुणब्याच्या ह्या आठ वर्षांच्या मुलीनं त्यांना जेरीस आणलं. आधीचे मास्तर तिला अंगठे धरून उभी करीत. बाईंनीही एकदा छडी उचलली. पण पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली ठेवली. भुकेलं वासरू दाव्याला हिसडे देतं, तशी ती दिसत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिच्या ओंजळीत चिंचोके ओतले. "ह्यांच्या एकसारख्या रांगा मांड. कुठल्या आकड्याच्या होतात, कुठल्या होत नाहीत, ते मला शोधून सांग."

मनकर्णा कोपऱ्यात बसली ती हललीच नाही. दुपारी धावत आली.

"बाई, बाराच्या लई तऱ्हेनं रांगा व्हत्यात. पर सात लई हट्टी हाय! अकरा बी हट्टी. एकाच रांगंत बसत्यात, दुसरी करूच देत न्हाईत."

हे बाईंना ट्रेनिंग कॉलेजात कुणीतरी शिकवावं लागलं होतं. त्या रात्री त्यांना आनंदानं आणि धास्तीनं झोप आली नाही. हिला पुरं पडायचं कसं?

मग रोज काहीतरी नवं निघू लागलं. अंगणात काठी रोवून सावलीच्या खुणा करायच्या. राखेनं जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा. वर्गासाठी कोडी रचायची, पण धाकट्या मुलींनाही सुटतील अशी. हे शेवटचं तिला फार जड गेलं. दुसऱ्याला का कळत नाही, याचा विचार तिनं पहिल्यांदाच केला, आणि वेण्या ओढणं थांबलं.

फाल्गुनात शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले. बाईंनी हौसेनं तिला पुढं केलं. गावकरी दारात दाटले होते. साहेबांच्या तोंडी हिशेबांना तिनं पटापट उत्तरं दिली आणि वर साहेबांनाच एक कोडं घातलं. साहेब अडखळले. हशा पिकला. आसारामाची मान ताठ झाली.

त्या गर्दीत शेजारगावचे पुंजाराम पाटील होते. चार दिवसांतच त्यांचा निरोप आला: अशी हुशार पोर आमच्या घरात द्या. मुलगा सतरा वर्षांचा, जमीन पाण्याखालची. नांदायला मागाहून नेऊ, लग्न मात्र ह्याच वैशाखात.

बाईंच्या कानी हे आलं तेव्हा त्या भरल्या ताटावरून उठल्या. आपणच तिला चारचौघांत मिरवली, ह्या विचारानं त्यांना एका जागी बसवेना. खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून खोलीत. शेवटी तशाच उन्हात आसारामाच्या घरी गेल्या.

"आसारामभाऊ, आठ वर्षांची आहे हो ती. सरकारी कायद्यानं गुन्हा आहे हा."

"कायदा जामखेडात असंल बाई, हितं रीत हाय. अन् तुमीच तर तिला शानी केली. शानी हाय म्हनून तर मागनी आली!"

बाईंनी आत पाहिलं. चुलीपाशी पोरीची आई, बायडाबाई, भाकरी थापीत होती. तिनं मान वर केली नाही. फक्त तिचा हात मध्येच थांबला.

सुपारी फोडायच्या दिवशी पाटील माणसं घेऊन आले. ओसरीवर घोंगड्या पसरल्या. बाई न बोलावता येऊन दाराशी उभ्या राहिल्या. लुगड्यात गुरफटलेली मनकर्णा पाटावर बसली होती. तिचे पाय सारखे हलत होते.

"काय इचारायचं आसंल तर इचार पोरी," पाटील कौतुकानं म्हणाले.

"तुमच्या गावात पोरींची शाळा हाय का?"

माणसं हसली. पाटीलही हसले. "सुनंला शाळा कशापायी? घरात धान्याची आवकजावक हाय, गडीमानसं हायेत. समदा हिशेब तूच बघायचा."

"अन् हिशेब आला की मंग काय शिकायचं?"

"मंग काय असतं गं बाईमानसाला?"

बायडाबाई सुपारीचं तबक घेऊन उंबऱ्यात आली होती. ती तिथंच थांबली.

"मी नवव्या वर्सी ह्या घरात आले," ती म्हणाली. "तेराव्या वर्सी पयलं बाळंतपन. मी मरता मरता वाचले, लेकरू वाचलं न्हाई. तवा मला कुनी इचारलं न्हवतं. आज मी बी कुनाला इचारत न्हाई. सुपारी फुटनार न्हाई."

तिनं सुपारी पदराच्या गाठीला बांधली आणि लेकीचा हात धरला. आसाराम हात उगारून उठला. सरोजिनीबाई मध्ये आल्या.

"आधी मला मारा. मग मी जामखेडच्या कोर्टात उभी राहीन, आणि ह्या ओसरीवर कोण कोण बसलं होतं ते सांगेन."

पाटील उठले. "बायकांच्या राज्यात आमाला सोयरीक नगं," म्हणून बाहेर पडले.

आसाराम मळ्यात राहायला गेला. बायकोशी बोलेना. पाणवठ्यावर बायडाबाई आली की बाकीच्या बायका घागरी उचलत. शाळंनं घर फोडलं, असं गावानं ठरवलं, आणि सोमवारी धर्मशाळेत मनकर्णेखेरीज कुणीच आलं नाही.

"बाई, माज्यामुळं आल्या न्हाईत का समद्या?"

बाईंनी फळा काखोटीला मारला. "चल, आणायला जाऊ."

पहिलं घर भागूबाईचं. ती दारात आडवी उभी राहिली. "आमची न्हाई यायची." तिच्या मागं तिची धाकटी पोर पाटी छातीशी धरून डोकावत होती.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तिथंच पायरीवर बसल्या. फळा भिंतीला टेकवला. मनकर्णा रस्त्यावरच्या धुळीत मांडी घालून बसली. बाईंनी मोठ्या आवाजात पाढा सुरू केला. शेजारच्या दोन-तीन घरांची दारं किलकिली झाली. भागूबाईचा हात कडीवर होता, आणि पाठीमागून तिची पोर हळूच, पण अगदी स्पष्ट, तोच पाढा म्हणत होती.