घटसर्प, चार दिवस

बाइंडरने पानं मोजावीत, वाचू नयेत, असा धंद्याचा दंडक. वाचत बसलं की शिवण तिरकी जाते आणि लोकांच्या घरच्या भानगडी उगाच डोक्यात शिरतात. भाचीने तीस वर्षं तो पाळला. पण नगरपालिकेच्या जुन्या मृत्यूनोंदवह्या बांधणीला आल्या, त्यात आत्याच्या धाकट्या भावाचं साल निघालं, आणि तिने पानं मोजायची सोडून नाव शोधलं.

आत्या आता ब्याऐंशीची. ती नऊ वर्षांची असताना आजारी तान्ह्या भावाला तिच्यावर सोपवून आई बाजारात गेली. आत्या शेजारी बसून बटणं दोऱ्यात ओवत होती. आई परतली तेव्हा पोर गुदमरून निळं पडलेलं. बटण गिळलं, असं आईने ठरवलं आणि घराने मान डोलावली. बटण कुणी पाहिलं नव्हतं, पण आळ घ्यायला आयती पोर समोर होती, मग पुरावा कशाला हवा! तेव्हापासून आत्याने कुणाचंच मूल कडेवर घेतलं नाही, भाचीलासुद्धा नाही. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, मला मुलं सांभाळता येत नाहीत. घरात एकटे वडील, तिचे दादा, तिला कधी टाकून बोलले नाहीत, म्हणून तिच्या लेखी ते देवापेक्षा काकणभर वरचे.

वहीत मृत्यूचं कारण लिहिलं होतं, घटसर्प. आणि पुढे, आजार चार दिवस. खालीवरच्या नोंदींत पटकी, धनुर्वात, सूतिकाज्वर. भाचीला निम्मे शब्द कळेनात. नोंदणीचा कारकून वंशावळी शोधणाऱ्यांना हे रोज उलगडून सांगायचा. घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, तो म्हणाला. घशात पांढरट पडदा धरतो, श्वासाची वाट बुजते. लस नव्हती तेव्हा त्याने घरंच्या घरं रिकामी केली. मुलाने काही गिळलंय असं वाटेल का, असं तिने विचारलं. हमखास वाटेल, तो म्हणाला.

भाचीने रीतसर अर्ज करून शिक्क्याची नक्कल घेतली. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. बसमध्ये तिने कागद पुन्हा उघडला आणि शेवटचा रकाना आता कुठे नीट पाहिला. माहिती देणाऱ्याची सही. आजोबांची.

म्हणजे ते ठाऊक असलेला एक माणूस घरातच होता. त्याने कचेरीत जाऊन तोंडाने सांगितलं, खाली सही केली, घरी आला आणि गप्प बसला. भाचीला त्यांचा इतका संताप आला की उतरायचा थांबा चुकला. सहीची पट्टी कापून टाकावी असंही मनात आलं. कागद कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कापलेल्या कागदावर आत्याने विश्वास ठेवला नसता.

आत्याने भिंग लावून एकेक रकाना वाचला. घटसर्प म्हणजे काय ते भाचीने सांगितलं. आत्याने 'चार दिवस' या शब्दांवर बोट ठेवलं.

"म्हणजे बटणाने नाही?"

"नाही आत्या. तुझ्यामुळे काहीच झालं नाही."

आत्या रडली. म्हातारी माणसं रडतात तशी, आवाज न करता, नाक पुसत. भाचीने तिची पाठ चोळली आणि कागद हळूच घडी करायला घेतला. आत्याने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि भिंग खाली सरकवलं.

"हे दादांचं अक्षर."

भाची घाईने म्हणाली की आजोबा आजीला भ्यायले असतील. चार दिवस डॉक्टर का आणला नाही, हा प्रश्न त्यांच्यावरच आला असता. आत्याने मान हलवली. तिला ते कळायला कुणाची मदत नको होती.

"शेवटची अकरा वर्षं दादा अंथरुणाला खिळून होते," ती म्हणाली. "मीच भरवायचे. दोन्ही वेळा, रोज, माझ्याकडे बघत तोंड उघडायचे ते."