भांगाच्या दोन्हीकडे

कुकरची शिट्टी झाली, दुपारची शांतता मोडली आणि मी भांगाच्या रेषेवर उभी दुभंगले. उजव्या हाताची मी गॅस बंद करायला गेले. डाव्या हाताची पलंगावरच राहिली, झोपलेल्या शालूच्या केसांत बोटं फिरवत. रक्त आलं नाही. गाऊन शिवणीवर उसवतो, तेवढाच आवाज झाला.

शब्द सगळे माझ्याकडे आले होते. शालूचा पुढचा डोस कधी, तिला कुठलं सिरप चालत नाही, सगळं मला पाठ. तिकडच्या अर्धीला लेकीचं नावही आठवेना. ती नुसती गुणगुणत होती. शालू झोपेत हसली. मी दारातून पाहिलं. हे हसू आहे, एवढं मला कळलं. त्यापुढे माझ्यात काही हललं नाही.

सासूबाई भजनाहून आल्या.

"अहो आई, मी अर्धीच आहे."

चपला काढता काढता त्यांनी मला निरखलं. "दिसतंय की. त्या बारशाला नटून गेलीस! म्हटलं होतं, कानामागे तीट लाव. पण सुनांना कान असतात कुठे? बस खाली."

मुठीत मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेऊन त्या माझ्यावरून उतरवू लागल्या. दृष्ट काढताना बोलायचं नसतं. दुसरी अर्धी आत आहे, हे सांगायचं राहून गेलं.

त्यांनी मूठ तापल्या तव्यावर टाकली. मोहऱ्या तडतडल्या, मिरच्या काळ्या पडल्या. ठसका कुणालाच आला नाही.

"बघ, केवढी लागली होती!" सासूबाई म्हणाल्या. "गेली हो."

आतली गुणगुण थांबली.

मी धावले. वाटेत चौकटीवर आपटले, तरी थांबले नाही. भीती म्हणतात ती हीच असणार, असं मी ठरवलं.

पलंगावर ती चादरीच्या घडीइतकी पातळ झाली होती. बोटं तेवढी हलत होती. मी तिच्या कडेला कड लावून पडले, चेपून पाहिलं. जुळेना. माझ्या कडेवर नवी, गुळगुळीत कातडी आली होती. मग बोटंही थांबली, आणि तिथे फक्त चादर उरली.

शालू जागी झाली. मी तिला जवळ घेतलं, थोपटलं, अगदी जसं थोपटायचं असतं तसं. ती मागे सरकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तू आईसारखं का करतेस?"