स्वतःसारखं येण्याचा शुक्रवार

प्रथमेश दांडेकर हा कंपनीच्या लखनौ शाखेतला सगळ्यात वेगळा माणूस ठरला आणि तिथल्या तिथे नोकरीत कायम झाला. टाळ्याही झाल्या. आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. प्रथमेश अजून प्रोबेशनवर आहे, विकास नगरातल्या घरी पोहे खातोय, आणि फोनवर एचआरच्या शर्मिष्ठा मॅडमची मेल येऊन पडली आहे.

कंपनी अमेरिकी. तिकडच्या लोकांचे विम्याचे अर्ज इकडे लखनौत तपासले जायचे. मेल अशी होती: व्यक्तिस्वातंत्र्य हा आपल्या कंपनीचा आत्मा आहे. सबब, येत्या शुक्रवारी प्रत्येकाने स्वतःसारखं यावं. सक्तीचं आहे. ओहायोहून ग्रेग साहेब पडद्यावर पाहतील. जे स्वतःसारखे दिसणार नाहीत, त्यांना कायम करण्याचा विचार पुढच्या वर्षी.

त्याच्याकडे सहा शर्ट होते, सहाही क्रीम रंगाचे. ते तो खोचून घालायचा, केसांना तेल लावायचा. आरशात त्याने स्वतःला दोनदा नीट पाहिलं. दाखवण्यासारखं काही सापडलं नाही.

"सर्क्युलर मागव," बाबा म्हणाले. बाळकृष्ण दांडेकर रेल्वेत इंजिनिअर. "स्वतःसारखं म्हणजे नक्की कसं, ते लेखी घे. तोंडी हुकमावर मी तीस वर्षांत एक बोल्ट फिरवलेला नाही."

"यार बाबा, प्राइव्हेट में ऐसा नहीं होता."

"मग हो बाबा आपल्या मनाने स्वतःसारखा. चुकलास म्हणजे कळेल."

प्रथमेशने 'स्वतःसारखं म्हणजे नक्की कसं?' अशी मेल लिहिली. शर्मिष्ठा मॅडमना एवढा आनंद झाला की त्यांनी सगळ्या शाखेलाच एक फोटो पाठवला: पांढरा लखनवी चिकनकारीचा कुर्ता, खाली गुडघ्यावर फाटलेली जीन्स. तळाला ओळ: 'केवळ नमुन्यादाखल. कृपया आपलं डोकं वापरावं.'

नमुना हातात आल्यावर आपलं डोकं वापरणारा माणूस अजून कुठल्या कचेरीत जन्माला यायचाय. शाखेत बेचाळीस जण. एक्केचाळीस जण त्याच संध्याकाळपासून अमीनाबादच्या बाजारात पळू लागले. बेचाळिसावा, म्हणजे प्रथमेश, गुरुवारी गेला, कारण आईला गुरुवारीच वेळ होता आणि एकट्याने जायची परवानगी नव्हती. ("तुला कुणीही गंडवेल.")

"भाभीजी, पता नहीं क्या हुआ है," दुकानदार प्रथमेशच्या आईला, पद्माकाकूंना, म्हणाला, "तीन दिन से लड़के आ रहे हैं. सब कहते हैं, कुछ अलग दिखाइए. और सब यही ले जाते हैं. खतम हो गया."

काकू उशांचे चार अभ्रे घेऊन परतल्या. गेल्यासारखं काहीतरी नको का आणायला?

शुक्रवारी प्रथमेश क्रीम शर्ट खोचून गेला. एक्केचाळीस पांढरे कुर्ते, ब्याऐंशी फाटके गुडघे. पडद्यावर ग्रेग साहेब आणि त्यांचे अकरा सहकारी होते, प्रत्येक जण अगदी स्वतःसारखा, बाराही जण एकाच राखाडी बिनबाह्यांच्या जॅकेटमध्ये.

"तो मुलगा!" ग्रेग साहेब उभेच राहिले. "सगळं जग एका बाजूला आणि तो एकटा! हे धाडस आलं कुठून?"

"सर, स्टॉक खतम था," प्रथमेश म्हणाला.

शर्मिष्ठा मॅडमनी ताबडतोब इंग्रजी केलं, "तो म्हणतोय, बाहेर काही मिळालं नाही, म्हणून त्याने आतून आणलं."

बाराही अमेरिकनांचे डोळे एकदमच पाणावले. प्रथमेश कायम झाला. (सुरुवातीला विसरायला सांगितलं होतं, ते हे.)

सोमवारी तो ऑफिसात शिरला, तर एक्केचाळीस क्रीम शर्ट. खोचलेले. लिफ्टमध्ये खोबरेल तेलाचा वास मावत नव्हता. लष्करी छावणीच्या भागातून येणाऱ्या एका मुलाने तर, जन्मात कधी खाल्ले नव्हते, ते पोहे डब्यात आणले होते.

"प्रथमेश, तुम भीड़ में दिख ही नहीं रहे हो," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, भीड़ मेरे जैसी दिख रही है."

"वो उनकी ग्रोथ है. तुम्हारी क्या? तुम्हें अलग होने के लिए पक्का किया था. शुक्रवार तक कुछ और बनो, नहीं तो फिर प्रोबेशन."

संध्याकाळी तो घरी येऊन सोफ्यावर बसला.

"बाबा, मला फक्त माझे शर्ट घालायचेत."

मराठीत म्हणाला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. बाबांनी टीव्ही बंद केला, चष्मा लावला. "कागद घे." ते सांगत गेले, प्रथमेश लिहीत गेला.

प्रति, मा. ग्रेग साहेब, ओहायो (योग्य मार्गाने).

विषय: स्वतःसारखे असण्यातून किरकोळ रजा मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार हा जन्मापासून आजतागायत विनाखंड स्वतःसारखा असून, त्याने या कामी एकही रजा उपभोगलेली नाही. सध्या अर्जदारासारखे एक्केचाळीस कर्मचारी कार्यालयात हजर असल्याने त्याच्या अनुपस्थितीत कामकाजात अडथळा येणार नाही. तरी येत्या शुक्रवारी अर्जदारास अर्धा दिवस कोणासारखेही नसण्याची परवानगी मिळावी, व दुपारी दोननंतर त्यास त्याच जागी, त्याच शर्टात, पूर्ववत रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.