अहोआईंचं शिसं

मार्गशीर्षातल्या सकाळी, ऊन गच्चीच्या कठड्यावरून उतरून अजून फरशीला टेकलेलं नसतं तेव्हा, पेटत्या करवंट्यांचा जो गोडसर, किंचित तुपकट वास हवेत तरंगत राहतो, त्या वासाच्या मधोमध माझ्या सासूबाई बसलेल्या असत. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, नाकातोंडावर माझ्याच जुन्या ओढणीची घडी, आणि पुढ्यातल्या शेगडीवर बिडाच्या लहानशा कढईत शिसं. खाली सदाशिव पेठेत स्कूटर सुरू होत, अभ्यासिकेकडे निघालेली मुलं चहाशी रेंगाळत, गाडी लावण्यावरून कुणी कुणाला शालजोडीतले देत असे. वर मात्र सारं स्वप्नातल्यासारखं संथ. शिसं वितळताना आवाज करत नाही. वरची राखाडी साय हळूच सरकते आणि खालून एक निर्मळ, थरथरतं तेज वर येतं. त्या तेजात सासूबाईंचा चेहरा, चेहऱ्यामागे आभाळ आणि आभाळात कधी एखादी घार. मी दारात उभी राहून ते बघायचे. त्याहून पुढे यायची मला परवानगी नव्हती.

मी त्यांना 'अहोआई' म्हणायचे. हे नावही त्यांचंच. लग्न होऊन आले तेव्हा म्हणाल्या होत्या, "आई म्हण, पण आधी अहो लाव. नुसती आई तुला आहे की एक." आवाजात माया होती की टोमणा, हे त्यांच्या बाबतीत शेवटपर्यंत नीट कळलं नाही, बहुधा दोन्ही एकाच भांड्यात शिजत असावं.

तर अहोआई माझ्यासाठी छर्रे ओतत असत. दचकू नका. माझी एअर रायफल हवेच्या दाबावर चालते, तिच्यात घालायचे ते शिशाचे चिमुकले छर्रे. लोकांच्या सासवा सुनेसाठी मेथीचे लाडू वळतात, माझ्या सासूबाई शिसं ओतत. कॉलेजात असताना मी नेमबाजी करायचे, लग्नानंतर रायफल दिवाणाच्या पोटात गेली ती गेलीच. एकदा गाद्या उन्हात घालताना ती त्यांच्या हाती लागली. मला वाटलं, झालं, आता प्रवचन! त्यांनी नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली आणि म्हणाल्या, "गंज धरायला लागलाय हिला. आणि तुलाही." मग दुकानातला छर्रा तळहातावर घेऊन कितीतरी वेळ न्याहाळला. "हे ओतलंय का थुंकलंय?" एवढंच त्यांचं मत पडलं, आणि त्या कामाला लागल्या.

त्या रविवार पेठेतल्या सोनाराची लेक. मूस, चिमटा आणि कानस यांच्या सहवासात त्यांचं बालपण गेलं होतं. संसाराने पेढी सुटली, बोटांची ओढ सुटली नव्हती. त्यांची हत्यारं म्हणजे आमच्या घरातल्या मोडतोडीला लाभलेला पुनर्जन्मच. आमटीच्या पळीचं तोंड घासून त्यांनी त्याला चिमणीची चोच काढली. जुन्या ट्रंकेची बिजागरी पितळेच्या दोन ठोकळ्यांना जोडून साचा केला, तुटक्या लाटण्याच्या त्याला मुठी बसवल्या, आणि त्या पितळेच्या पोटात छर्र्याची इवलीशी पोकळी एक अख्खा हिवाळा खपून कोरली. आप्पेपात्र मात्र चांगलं धडधाकट होतं. ते त्यांनी शिशाच्या वड्या पाडायला सरळ पळवलं. तेव्हापासून घरात आप्पे झाले नाहीत, आणि याचं दुःख माझ्या नवऱ्याला आजही आहे.

शिसं आणून देत ते नाना पेठेत गॅरेज असलेले सलीमभाई. चाकांचा तोल साधायला लावलेली जुनी वजनं ते पिशवीत साठवत आणि तीन जिने चढून, धापा टाकत म्हणत, "काकू, घ्या, तुमचं सोनं." अहोआई ते पारखून घेत. थंडीतच ओतकाम, हवेत ओल असली की शेगडी पेटत नसे, कारण तापल्या शिशाला पाण्याचा थेंब सोसत नाही, ते अंगावर उसळतं. तयार झालेला छर्रा वडिलांच्या छोट्या तराजूत पडे, दुसऱ्या पारड्यात लालबुंद गुंजा. गुंजेला न पटलेला छर्रा पुन्हा कढईत जाई. दुपार कलेपर्यंत हे चाले, ऊन त्यांच्या चांदीच्या केसांतून खाली घरंगळे, आणि त्या गुणगुणत असत ते गाणं नसे, नुसता एक सूर असे.

संध्याकाळी मी गच्चीच्या टोकाला ठेवलेल्या, शाडू भरलेल्या खोक्यावर नेम धरायचे. अहोआई लक्ष्याकडे पाहतच नसत. माझ्या मागे पाट टाकून बसत. "कागद मला एवढ्या लांबून दिसत नाही, तुझी पाठ दिसते," त्या म्हणत, "आज मन कुठेय ते तिथेच कळतं." खरंच कळायचं त्यांना. ज्या दिवशी मी कुणाशी भांडून आलेली असे, त्या दिवशी मागून आवाज येई, "आधी भांडण खाली ठेव, मग बंदूक उचल." माझ्या आयुष्यात माझ्या पाठीकडे इतक्या मायेने कुणी पाहिलेलं नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर मला दिवस राहिले. मी सांगितलं त्या क्षणी अहोआईंनी शेगडी विझवली. शिशाचे दोष त्यांना ठाऊक होते, म्हणूनच तर गच्चीचं दार मला ओलांडू देत नसत. पण आता तेवढ्यानेही त्यांचं भागेना. सगळी हत्यारं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली, गच्ची घासून घासून धुतली, आणि मग पुरणाची डाळ शिजत घातली. असं हसू मी त्यांच्या तोंडावर त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसरा महिना सरता सरता ते बाळ गेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, असं होतं, यात कुणाचा दोष नसतो. अहोआईंनी हट्ट धरला म्हणून माझ्या रक्तातलं शिसंही तपासलं. काळजी करावी असं काही निघालं नाही. बाईंनी त्यांना समोर बसवून, नीट समजावून तसं सांगितलं. अहोआईंनी मान डोलावली, घरी आल्या, आणि कणीक मळता मळता भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "माझंच शिसं."

मी अंथरुणातून ओरडले, "अहोआई, तुम्ही काय देव लागून गेलात, सगळं तुमच्याच हातून व्हायला?" त्या कणीक मळत राहिल्या. माझं बाळ गेलं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ ही बाईही आपल्यातून उठून चालली होती. याचा मला असा संताप आला की रडूसुद्धा मागे पडलं.

पुढे मला मूल झालं नाही. त्याचं दुःख आहे, ते असणारच, त्याची समजूत मी माझ्यापुरती घालत आले. पण अहोआईंनी डोक्यावर घेतलेलं ते खोटं ओझं त्यांनी जिवंतपणी खाली ठेवावं, एवढं एकच मला हवं होतं. मार्गशीर्ष येई, करवंट्या पोत्यात साठत, गच्चीवर तेच कोवळं ऊन पसरे आणि रिकाम्या जागेवरून निमूट सरकून जाई. मी दुकानातले छर्रे वापरायचे. त्या मागे येऊन बसत नसत. सलीमभाई रस्त्यात भेटले की विचारत, "काकूंचं मन फिरलं का? माल ठेवतोय मी बाजूला." मी रागावून सांगून पाहिलं, हसून सांगून पाहिलं, नवऱ्याकडून वदवलं. प्रत्येक वेळी त्या मान डोलवत. मान डोलवायला काय जातंय! मला ओतायला शिकवा म्हणाले, तर म्हणाल्या, "तुझ्या हाताला ते लागू द्यायचं नाही मला." तेव्हा कळलं, त्या तिथेच उभ्या आहेत, त्या कणकेच्या परातीपाशी.

गेल्याच्या गेल्या वर्षी, माघात, त्या आजारातून उठल्या होत्या. दम लागायचा, म्हणून सकाळच्या उन्हात वेताच्या खुर्चीत बसवायचो. मी नेम धरत होते. मागून आवाज आला, "रेवती."

त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"खरं सांग. मी घालवलं का गं तुझं बाळ?"

इतकी वर्षं मी उत्तरं देत होते, आणि त्यांनी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कानापर्यंत जातं, आत शिरत नाही, हे मला त्या क्षणी उमगलं. रायफल ठेवली. डॉक्टरांचं, रिपोर्टाचं, घोकून ठेवलेलं काहीच आठवलं नाही. त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "नाही हो. तुम्ही मला छर्रे दिलेत, दुसरं काही नाही केलंत. आणि माझं बाळ काय म्हणता? आपल्या दोघींचं गेलं ते."

"दोघींचं," त्या म्हणाल्या.

मग त्यांचा चेहरा मोडला. तोंडावर पदर न घेता, लहान मुलीसारख्या हुंदके देत त्या रडल्या. "आजी व्हायची राहिले गं मी," म्हणाल्या, "राहूनच गेलं." इतक्या वर्षांत त्या एकदाही रडल्या नव्हत्या, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. स्वतःला गुन्हेगार समजणाऱ्या माणसाला रडायची सोय नसते. आपण दुःख करायला लायक नाही असं धरून त्यांनी आपलं आजीपण बाळाआधीच पुरून टाकलं होतं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आम्ही दोघी रडलो, अगदी पोटभर, खालून कुणीतरी कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं आणि ऊन वर चढत होतं. मग नाक पुसून त्या म्हणाल्या, "माळ्यावरचं काढायला सांग त्याला. उद्या शेगडी पेटव. आणि हात माझ्या हातावर ठेव, एकटीने ओतायचं नाही."

त्यानंतर त्यांना एकच हिवाळा मिळाला. हात कापायचा, छर्रे निम्मे वाकडे यायचे, गुंजा त्यांना नाकारत राहायच्या. आणि अहोआई शेगडीच्या उजेडात, ओढणीच्या घडीआडून, त्या वाकड्या छर्र्यांना खुशाल नावं ठेवत हसायच्या.

आता गच्चीवर दोन माणसांची उणीव आहे. एकाचं तोंड मी पाहिलं नाही, आणि एकीला पाहून मन भरलं नाही. काळ दोघांनाही एकाच संथ चालीने दूर नेतो आहे, नेऊ दे. पण त्या एका सकाळी आम्ही दोघींनी मिळून रडून घेतलं, तेव्हापासून ते न पाहिलेलं बाळ मला नुसतं आठवतं, डाचत नाही.