सांध्याच्या वरचा मी

मी एक लिंबाचं झाड आहे, वयाने जुना आणि अंगाने थकलेला. खरं सांगायचं तर मी अर्धाच आहे. मित्रांनो, जमिनीपासून वीतभर वर माझ्या खोडाला एक गाठ दिसेल. त्या सांध्याच्या वरचं झाड म्हणजे मी. खालचा खुंट आणि मुळं रानलिंबाची. आंबट बोललो तर राग मानू नका, स्वभावाला औषध नाही.

रोपवाटिकेतल्या एका मामांनी मला घडवलं. रानलिंब मोठं चिवट, पण त्याचं फळ कडवट आणि बियांनी गच्च. चांगलं लिंबू रसाळ, पण त्याचं मूळ नाजूक. म्हणून मामांनी रानलिंबाच्या खुंटाची साल चाकूने चिरली, चांगल्या झाडाचा एक डोळा, म्हणजे फुटू पाहणारा अंकुर, तिथे बसवला आणि वर पट्टी गुंडाळली. तो डोळा म्हणजे मी. रोप देताना मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे, "सांध्याखालून रानलिंबाचा फुटवा आला की लगेच खुडायचा. दयामाया दाखवलीत तर भाडेकरू घरमालक होऊन बसेल, सांगून ठेवतो!"

मला घेऊन गेला एक इस्त्रीवाला. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं आणि बायकोचं लाँड्रीचं दुकान होतं, मागे फरशीचं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात मी. ती कपडे धुवायची, तो इस्त्री फिरवायचा.

आमचं घराणं तसं मोठं बरं का! महाळुंग आणि आंबट संत्रं यांच्या संकरातून आमचा वंश निघाला आणि जहाजांतून देशोदेशी पोचला. महिनोन्‌महिने समुद्रावर राहून खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे. आमच्या रसाने ती माणसं उठून बसली. पण मला त्या मोठेपणाचं काय? माझी लढाई सदऱ्यांवरच्या डागांशी होती. खिशात विसरलेल्या खिळ्याने गंजाचा डाग पडला की ती अर्धं लिंबू मिठात बुडवून घासायची आणि कापड उन्हात टाकायची. डाग गेलाच म्हणून समजा. उरलेल्या सालीने ती तांब्याचा हंडा घासायची आणि साबणाने रखरखीत झालेल्या हातांना शेवटचा थेंब चोळायची. दुपारी दोघांना सरबत व्हायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, "तुमच्या लाँड्रीत जादू आहे." तेव्हा मी पानांआडून फुशारायचो.

रोज सकाळी तो चहाचा कप घेऊन माझ्याजवळ वाकायचा आणि सांध्याखालचे कोंब अंगठ्याने खुडून टाकायचा. ती विचारायची, "अहो, रोज काय एवढं खुडता?" तो हसून म्हणायचा, "तू डागांचं बघ, झाडाचं मी बघतो." त्याला त्या कसबाचा अभिमान होता. मलाही तो लाड आवडायचा. पण तिला ते एकदा सांगायला हवं होतं, एवढं साधं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

एक दिवस इस्त्री करता करता त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. पुढे कितीतरी दिवसांनी एकच शब्द परत आला, "हो." भूक लागली तरी हो, पोट भरलं तरी हो. रागाने डावा हात आपटला तरी तोंडातून निघणार हो. डॉक्टर म्हणाले, त्याला सगळं कळतं, फक्त शब्द हाती लागत नाहीत. ती बिचारी त्याच्या डोळ्यांवरून अंदाज बांधायची आणि बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर निघायचा.

दुकान एकटीने ओढतानाही ती मला मात्र विसरली नाही. "त्यांचं झाड आहे, ते जगलं पाहिजे," म्हणत रोज बादलीभर पाणी घालायची. त्या पाण्यावर सांध्याखालून फुटवे उसळले. सरळसोट, गडद हिरवे, बोटाएवढ्या काट्यांचे. ती हरखून म्हणाली, "अहो, बघा तरी! तुमच्या झाडाला नवा जोम आलाय." तिने त्यांना काठ्यांचा आधारही बांधला. मुळांनी ओढलेलं सगळं ते खालीच गिळू लागले. माझी पानं पिवळी पडली, फांद्या वाळत गेल्या. मी काय करणार? मला वाऱ्याशिवाय हलताही येत नाही.

आणि तो दारातल्या खुर्चीवरून हे रोज बघत होता. डावा हात माझ्याकडे करून "हो, हो" ओरडायचा. ती म्हणायची, "घातलं हो पाणी, काळजी नका करू."

आज ती शेजारच्या सुताराकडून करवत घेऊन आली. त्याच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, "अहो, वरचं सगळं वाळलंय. ते काढलं तर खालची नवी पालवी जोर धरेल. कापू ना?"

त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. मान हलेना. त्याने सगळा जीव एकवटला आणि तोंडातून आलं, "हो."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. तिनेही पदराने डोळे पुसले. "हाताने लावलेलं, जीव तुटणारच," म्हणाली आणि माझी पहिली फांदी पडली. मग दुसरी. तेवढ्यात तो खुर्चीवरून घसरला, फरपटत माझ्यापाशी आला आणि डाव्या हाताने सांध्याखालचा फुटवा मुठीत धरून ओढू लागला. काट्यांनी तळवा रक्ताळला.

"अहो, काटे आहेत! काय हे वेड्यासारखं?" तिने मूठ सोडवली, त्याला आत नेलं, पट्टी बांधली. "तुम्हाला बघवत नाही ना? राहू दे. उरलेली फांदी उद्या कापते."

मित्रांनो, माझ्यापाशी एकच हिरवी फांदी उरली आहे आणि तिच्यावर तीन लिंबं. मला वाचवा म्हणायला मी तुमच्या अंगणात नाही. पण तुम्हाला जे येतं, ते तोंड चालतंय तोवर घरात कुणाला तरी सांगून ठेवा. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याचा हात कुठे जातोय ते नीट बघा, त्याच्या वतीने आपणच उत्तर देऊ नका.

उद्या सकाळी ती त्याला पुन्हा विचारेल, "कापू ना?" आणि तो काय म्हणेल, ते तुम्हाला ठाऊक आहे.